वाचकांचे प्रश्न : पहिली इंटर्नशिप, ओळखीशिवाय

गेल्या अंकात आम्ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून इंटर्नशिपविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे निवडली आहेत. बहुतेक पत्रांचा रोख पहिल्या पत्रासारखाच असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकतो. दिवाळीपासून मी बेचाळीस कंपन्यांना ईमेल पाठवले. दोन कंपन्यांनी जागा नसल्याचे कळवले आणि उरलेल्यांकडून काहीच उत्तर आले नाही. माझ्या वडिलांचे स्टेशनरीचे दुकान आहे, आमच्या घरातले कोणीही कारखान्यात नाही. वर्गातल्या ज्यांना इंटर्नशिप मिळाली, त्यांचे काका किंवा मामा त्या-त्या कंपनीत आहेत. वशिल्याशिवाय हे होतच नाही का?
— एक विद्यार्थी, दांडिया बाजार

उत्तर : वशिला चालतो, हे मी नाकारणार नाही. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यातील गुणवत्ता विभागात मी चोवीस वर्षे काम केले आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे उन्हाळ्यातले इंटर्न निवडण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे कोणाचा भाचा आणि कोणाचा पुतण्या हे मी जवळून पाहिले आहे. परंतु वशिल्याने नेमके काय होते, याचा थोडा विचार करू. काका दोन गोष्टी करतात. विभागप्रमुखाला ते सांगतात की मुलगा वेळेवर येईल, सांगितलेले ऐकेल आणि प्रयोगशाळेत अपघात करणार नाही; म्हणजे ते त्याच्या मनातली एक शंका दूर करतात. आणि मुलाला ते सांगतात की अर्ज कोणाकडे द्यायचा आणि त्या विभागात काम कसले चालते. या दोन्ही गोष्टी काकांशिवाय मिळवता येतात. त्यासाठी कष्ट जास्त पडतात, हे मात्र खरे आहे.

तुमचे बेचाळीस ईमेल मी पाहिलेले नाहीत, पण ते सगळे एकसारखे होते आणि कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर किंवा मनुष्यबळ विभागाकडे गेले, असा माझा अंदाज आहे. माझ्यापर्यंत येणारे बहुतेक अर्ज ‘आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळाल्यास मी आभारी राहीन’ अशा वाक्याने सुरू होत आणि तिथेच संपत. त्या मुलाला टायट्रेशन (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण मोजण्याची पद्धत) येते की नाही, तो किती आठवडे येऊ शकतो, राहतो कुठे, याचा त्यात पत्ता नसे. असा अर्ज वाचून कोणी रागावत नाही; तो फक्त बाजूला राहतो, कारण त्यावर काय करावे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

म्हणून संख्या कमी करा. येत्या महिन्यात फक्त सहा ठिकाणे निवडा आणि ती निवडताना नावाच्या मोठेपणाकडे पाहू नका. मोठ्या कारखान्यात इंटर्नची संख्या ठरलेली असते, विमा आणि सुरक्षिततेचे नियम कडक असतात आणि पुष्कळदा महाविद्यालयामार्फतच अर्ज घेतले जातात. याउलट नंदेसरी, रणोली किंवा मकरपुरा येथील एखाद्या मध्यम कारखान्याच्या प्रयोगशाळेत चार माणसे काम करत असतील, तर पाचव्याच्या हातात तिसऱ्या दिवशी ब्युरेट (टायट्रेशनची मोजनळी) येते. बडोद्यात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक ठिकाण आहे आणि तिथे फारसे कोणी अर्जच करत नाही: सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा. येथील कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मही नदीच्या मुखाकडे वाहून नेणारा पन्नास किलोमीटरहून लांब कालवा १९८३पासून चालू आहे. त्यात पाणी सोडायचे तर ठरलेल्या मर्यादा पाळाव्या लागतात, आणि मर्यादा पाळल्या जात आहेत हे दाखवायचे तर तपासणीही सतत करावी लागते. मंदी असो वा तेजी, हे काम थांबत नाही.

ठिकाण निवडल्यावर अर्ज लिहिण्याआधी आठ दिवस त्या कामाचा अभ्यास करा. सांडपाण्याची तपासणी म्हटली की सी.ओ.डी. (पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि बी.ओ.डी. (तीच घाण जिवाणूंनी खाताना लागणारा ऑक्सिजन) मोजणाऱ्या दोन चाचण्या आल्याच. सी.ओ.डी. चाचणीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून नमुना दोन तास उकळतात, बी.ओ.डी. चाचणी आपल्या देशात २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून करतात, तर परदेशी पाठ्यपुस्तकांत २० अंश आणि पाच दिवस असे दिलेले आढळते. हा फरक का, हे आपल्या हवामानाचा विचार केला की समजते. पाणी तपासण्याच्या भारतीय मानकांची मालिका आय.एस. ३०२५ या क्रमांकाची आहे. तिच्यातले दोन भाग वाचून काढा. औषधनिर्मितीकडे जायचे असेल, तर ओलावा मोजण्याची कार्ल फिशर पद्धत आणि एच.पी.एल.सी.चे (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) मूळ तत्त्व समजून घ्या. आणि एक सवय आजपासून लावून घ्या: प्रयोगवहीत चूक झाली तर ती खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने झाकू नका. तिच्यावर एकच आडवी रेघ ओढा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही करा आणि तारीख घाला. औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी हे शिकवतात. ज्या विद्यार्थ्याला ते आधीच येते, त्याच्याविषयी मला कोणाच्या काकांना विचारावे लागले नाही.

आता अर्ज. तो प्रयोगशाळाप्रमुखाच्या किंवा गुणवत्ता व्यवस्थापकाच्या नावे लिहावा. नाव संकेतस्थळावर नसेल तर कारखान्याच्या दूरध्वनीवर विचारले असता बहुधा सांगतात. पत्र आठ-दहा ओळींचे पुरे. तुम्ही कोण आणि कोणत्या वर्षाला आहात. त्या प्रयोगशाळेत कोणते काम चालते असे तुम्हाला समजले आहे. त्यातले कोणते काम तुम्ही महाविद्यालयात स्वतः केले आहे, म्हणजे कोणती टायट्रेशने, किती वेळा, उत्तरात किती फरक येत होता. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता. येण्याजाण्याची सोय स्वतः कराल का. शेवटी एवढेच विचारा की या विषयी दहा मिनिटे भेटता येईल का. सोबत एका पानाचा बायोडेटा जोडा. त्यात दहावीचे टक्के आणि ‘छंद : वाचन, प्रवास’ यांना जागा देण्याऐवजी वडिलांच्या दुकानात तुम्ही मालाची नोंद ठेवत असाल, तर ते लिहा. साठ्याचा हिशेब बिनचूक ठेवणे हे प्रयोगशाळेला हवेच असते, आणि दुकानात काम केले हे सांगताना संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

उत्तर न आल्यास दहा दिवसांनी त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवा. तरीही उत्तर न आल्यास सकाळी अकराच्या सुमारास प्रत्यक्ष जा. सोमवार टाळा, महिनाअखेर टाळा. फाटकावर अडवतील, तिथे अर्जाची छापील प्रत द्या आणि ज्यांच्या नावे आहे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती करा. वेळेचे भानही ठेवा: मे महिन्यातल्या कामासाठी जानेवारीत विचारावे लागते, एप्रिलमध्ये नव्हे. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसारख्या योजनांचे अर्ज तर आदल्या हिवाळ्याच्या आधीच सुरू होतात.

राहिला तुमच्याबद्दल खात्रीने बोलणारा माणूस. तो तुमच्या प्रयोगशाळेत रोज उभा असतो. बडोद्यात ही वाट जुनी आहे. १८९०मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या तांत्रिक शिक्षणसंस्थेचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांच्या पुढाकारातून १९०७मध्ये अलेम्बिक या रसायन-औषध कंपनीचा कारखाना उभा राहिला. गुरुशिष्यांच्या नात्यातून या शहराचा रसायन उद्योग सुरू झाला. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या सरांना किंवा मॅडमना अर्ज दाखवा, त्यांच्या ओळखीचे जुने विद्यार्थी कुठे आहेत ते विचारा आणि महाविद्यालयाचे शिफारसपत्र मागा. ‘सर, मला इंटर्नशिप मिळवून द्या’ असे म्हटले तर ते काही करू शकणार नाहीत. ‘सर, मी हा अर्ज या प्रयोगशाळेला लिहिला आहे, यातले रसायनशास्त्र बरोबर आहे का’ असे विचारलेत, तर त्यांना मदत करणे सोपे जाईल.

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका कंपनीने मुलाखत न घेता व्हॉट्सअ‍ॅपवर तिची दोन महिन्यांच्या ‘वर्क फ्रॉम होम’ इंटर्नशिपसाठी निवड केली आहे. नोंदणी आणि साहित्यासाठी ४,५०० रुपये मागितले असून ते शेवटी विद्यावेतनातून परत मिळतील असे सांगतात. मुदत परवापर्यंत आहे. भरावेत का?
— एक पालक, वाडी

उत्तर : भरू नका. जिथे काम करायचे तिथे आपण पैसे देत नाही. ‘परत मिळतील’ असे सांगून मागितलेले पैसे तर मुळीच देत नाही. मुलाखत नाही, ईमेल नाही आणि मुदत परवाची, ही तीन लक्षणे एकत्र दिसल्यावर आणखी चौकशी करण्याचीही गरज नाही. एखादी संस्था उघडपणे शुल्क घेऊन अभ्यासक्रम शिकवत असेल, तर तो वेगळा व्यवहार आहे आणि तो पसंत पडल्यास जरूर घ्यावा, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नये.

पुढे कधी शंका आली, तर कंपनीचे नाव केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येते आणि जी.एस.टी. क्रमांक जी.एस.टी.च्या पोर्टलवर तपासता येतो. मात्र खऱ्या कंपनीचे नाव वापरून दुसरेच कोणी पैसे मागत असल्याचेही प्रकार घडतात, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून विचारावे. मुलीने आधार कार्डाची किंवा बँकेच्या पासबुकाची छायाचित्रे पाठवली असतील, तर बँकेला आजच कळवा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त. आणि कृपया मुलीला रागावू नका. तिने हे तुम्हाला आधी सांगितले, ही फार चांगली गोष्ट झाली.

प्रश्न : मी बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतले आहेत. सगळ्या इंटर्नशिप इंजिनिअरिंग आणि कॉमर्ससाठीच असतात, असे वर्गात सगळे म्हणतात. आमच्यासाठी काही आहे का?
— एक विद्यार्थिनी, रावपुरा

उत्तर : तुमच्या शाखेसाठी तयार जाहिराती कमी निघतात, हे बरोबर आहे. पण काम कमी आहे असे नव्हे, आणि तुम्ही तर अशा शहरात राहता जिथे १८९४मध्ये संग्रहालय, १९१०मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आणि १९२७मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. बडोदे संस्थानच्या दप्तरातील पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणारी माणसे थोडी आहेत आणि जी आहेत त्यांतली बरीच वयस्कर आहेत. तुम्ही चार महिने रोज एक तास देऊन मोडी शिकलात, तर अभिलेखागारात किंवा एखाद्या संशोधकाकडे मदतनीस म्हणून जाताना तुम्हाला ‘मला काहीही काम द्या’ असे म्हणावे लागणार नाही. मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते, कारण ते कागद आपल्या घरांविषयीचे आहेत आणि ते वाचणारे हात आता नव्या पिढीचे असायला हवेत.

दुसरे तुमचे भांडवल म्हणजे तीन भाषा. बडोद्यातली मराठी मुलगी गुजराती, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा सहज बोलते आणि म्हणूनच तिला त्याची किंमत वाटत नाही. भाषांतर, ध्वनिमुद्रणांचे लेखन, सर्वेक्षणाच्या मुलाखती, प्रकाशकाकडील मुद्रितशोधन अशा कामांसाठी हीच पात्रता लागते. मात्र दाखवायला काहीतरी हवे. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची पाने तपासून दुरुस्त करण्याचे काम कोणालाही करता येते आणि तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती तुमच्या खात्याच्या नोंदीत दिसते. दोनशे पाने तपासा आणि तो दुवा अर्जात द्या. ग्रंथालयात किंवा संग्रहालयात जाताना विभागप्रमुखांचे पत्र घेऊन जा आणि एक ठरावीक काम सुचवा: अमुक कपाटातल्या मराठी पुस्तकांची सूची, अमुक दालनातील फलकांचे मराठी भाषांतर. नकार मिळाला, तरी पुढल्या वर्षी तुमचे नाव त्यांच्या लक्षात राहील.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वय वीस. एका सी.ए. कार्यालयाने मला तीन महिने विनावेतन काम करण्याविषयी विचारले आहे. मैत्रीण म्हणते की पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा पाच हजार मिळतात, तर तिकडेच जा. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, बाबाजीपुरा

उत्तर : ती योजना ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या अटींनुसार वय २१ ते २४ असावे लागते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते आणि उमेदवार पूर्णवेळ शिकत किंवा नोकरी करत असता कामा नये. म्हणजे त्या अटींनुसार ती तुमच्यासाठी नाही. पदवी झाल्यावर पोर्टलवर त्या वेळच्या अटी पाहून अर्ज करा. त्याच सुमारास शिकाऊ उमेदवारीचाही (अप्रेंटिसशिपचा) विचार करा: १९६१च्या कायद्याखाली पदवीधरांना साधारण वर्षभर प्रशिक्षण मिळते आणि २०१९च्या नियमांनी पदवीधरांसाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते, चालू दर राष्ट्रीय पोर्टलवर दिसेल. इंटर्नशिपपेक्षा हा करार अधिक पक्का असतो.

सी.ए. कार्यालयाचे म्हणाल, तर तिथे केव्हा जाता यावर बरेच अवलंबून आहे. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत विवरणपत्रे आणि करलेखापरीक्षण यांची धावपळ असते आणि तेव्हा नव्या माणसाच्या हातात खरे काम येते. विनावेतन चार ते सहा आठवडे, शिकायला मिळत असेल तर, मी मान्य करीन. तीन महिने नाही. सहा आठवडे झाल्यावर निदान जाण्यायेण्याचा खर्च आणि काही विद्यावेतन मिळेल का, हे सुरुवातीलाच नम्रपणे विचारा. जी.एस.टी.ची विवरणपत्रे आणि बँक ताळमेळ ही दोन कामे तुमच्याकडून करून घेतील का, हेही विचारून घ्या. विचारल्याने कोणी रागावले, तर तिथले तीन महिने कसे गेले असते ते आधीच कळले असे समजा.

प्रश्न : मकरपुऱ्यातील एका कारखान्यात मला इंटर्नशिप मिळाली, पण दोन आठवडे मी फक्त झेरॉक्स काढतो आहे आणि फायली लावतो आहे. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोडून द्यावी का?
— एक विद्यार्थी, मांजलपूर

उत्तर : अजून सोडू नका. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात, ते कुठे झाले हे सांगण्याचे कारण नाही, मी अठरा दिवस बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रोज घरी येऊन रडले. एकोणिसाव्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले की कोणता नमुना कोणत्या यंत्रातून येतो हे तुला समजले का. मला समजले नव्हते, कारण मी चिठ्ठ्या वाचल्याच नव्हत्या. तुमच्या फायलींमध्ये रेखाचित्रे असतील, तपासणीचे अहवाल असतील, नाकारलेल्या मालाच्या नोंदी असतील. त्या वाचा. गेल्या तीन महिन्यांत कोणता सुटा भाग किती वेळा नाकारला गेला आणि कोणत्या मापामुळे, याचा एक साधा तक्ता एक्सेलमध्ये तयार करा. कारखान्यातले कागद बाहेर नेऊ नका, त्यांची छायाचित्रे काढू नका. तक्ता तिथल्याच संगणकावर, परवानगी घेऊन करा.

तो तक्ता घेऊन तुमच्या पर्यवेक्षकांकडे जा आणि त्यांना एकच मागणी करा: रोज एक तास तपासणी विभागात उभे राहू द्यावे, उरलेला वेळ मी फायलींचे काम करीन. इंटर्नला काय द्यावे हे पुष्कळदा त्यांनाही सुचत नसते. त्यांच्याजवळ वेळ कमी असतो आणि तुम्ही गप्प असता, त्यामुळे तुम्हाला हे चालते असे ते धरून चालतात. एवढे करूनही आणखी दहा दिवसांत काही बदलले नाही, तर महाविद्यालयातील इंटर्नशिप समन्वयकांना लेखी कळवा आणि जागा बदलून मागा.

रोजची नोंदवही आजपासूनच ठेवा: तारीख, किती तास, काय केले, कोणाकडून काय कळले. आता अनेक पदवी अभ्यासक्रमांतही इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत ६० ते १२० तासांच्या कामाला २ ते ४ श्रेयांक धरले आहेत, आणि तासांचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो. शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र मागताना मसुदा तुम्हीच लिहून न्या. त्यात कालावधी, एकूण तास, विभागाचे नाव आणि तुम्ही केलेली दोन-तीन कामे स्पष्ट लिहिलेली असावीत, कारण केवळ ‘वर्तणूक समाधानकारक’ असे लिहिलेल्या कागदावरून पुढच्या ठिकाणी कोणाला काहीच कळत नाही. सही आणि शिक्का झाल्यावर त्याच दिवशी त्याची छायाप्रत काढून ठेवा.